वळती चाकं

सर, काल तुमची फार आठवण आली, म्हणून लिहायला बसले. मी आता अबुधाबीत असते, रेल्वेच्याच कामात. काही महिन्यांपूर्वी आमच्या यार्डात रुळांवरची वाळू काढायचं नवं मशीन आलं होतं आणि एका वळणावर त्याची पुढची चाकं सारखी रुळावरून उतरायची. मीटिंगमध्ये सगळे ट्रॅकच्याच मागे लागले होते. मॅनेजर म्हणाले, "यल्ला, चला, उखडून नवा टाका, खलास." मी म्हटलं, "वाळवंटात वळण असंच राहणार. मशीनची पुढची चाकं वळती करून बघू या का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला तुमचं स्वयंपाकघर दिसलं.

पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष. वर्गात मी एकटी मुलगी. शाळा मराठी, पुस्तकं सगळी इंग्रजी. कॉलेज सोडतेय हे सांगायला मी तुमच्या घरी आलेय. तुम्ही म्हणता, "बस. रडायचं असेल तर नंतर रड." मग काकूंच्या शिवणाच्या डब्यातली रिळं घेऊन एका खोक्याला चाकं लावता आणि फरशीवर पालथे पडून ते गॅसच्या सिलिंडरभोवती ओढता. काकू म्हणतात, "अहो, दोरा सुटतोय सगळा." खोकं वळत नाही, फरफटतं. "अमेरिकेत सुरुवातीची काही इंजिनं इंग्लंडहून आली," तुम्ही सांगता. "तिकडच्या भक्कम रुळांसाठी बनवलेली. इकडे रूळ हलके, वळणं फार. घसरायला लागली. इंजिन वाईट नव्हतं गं. मग त्यांनी पुढे छोट्या चाकांची वेगळी गाडी जोडली, मधोमध एका खिळ्यावर फिरणारी. ती आधी वळते, मागचं धूड तिच्यामागून जातं." दोन रिळं टाचणीवर बसवून तुम्ही पुन्हा ओढता. खोकं सिलिंडरला वळसा घालतं. "तू आधी मराठीत समजून घे. इंग्रजी मागून येईल." ती आली, सर. इतकी आली की माझी लेक आता माझ्याशी मराठी बोलत नाही.

मशीनच्या कंपनीनं पुढची चाकं बदलून वळती करून दिली आणि काल मशीन त्या वळणावरून शांतपणे निघून गेलं. घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, हू टॉट यू दॅट?" जेवण होईपर्यंत मी तुमच्याबद्दलच बोलत होते.

हे कुठे पाठवणार? तुमच्यामागून काकूही गेल्या. पण एक कबूल करते. त्या संध्याकाळी तुमचं इंजिन मला निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. एवढे मोठे सर माझ्यासाठी फरशीवर पालथे पडलेत, एवढंच कळलं होतं, आणि तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी वर्गात आले.