सौ.चा व्हॉल्व आणि हरभऱ्याचा घोळाणा

२ डिसें.
लातूर. डॉ. बाईंनी चित्र काढून दाखवलं. सौ.च्या हृदयातला व्हॉल्व नीट मिटत नाही, रक्त मागं फिरतं. म्हणून चार पावलांत धाप. म्हटलं, "बाई, हे तर विहिरीतल्या पाइपाच्या फूट व्हॉल्वसारखं झालं, मिटला न्हाई की पाणी मागं. जन्मभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण मोटार बंद केल्याबिगर व्हॉल्वला हात लावला न्हाई." बाई हसल्या. "काका, आम्हीही हृदय थांबवूनच बदलतो. तोवर मशीन रक्त फिरवतं." केवढं डोकं माणसाचं! धोकेही लपवले नाहीत. रक्तस्राव, लकवा, जीवसुद्धा. सही केली.

५ डिसें.
ऑपरेशन झालं. पाच तास. परत सुरू होताना हृदय अडखळलं, शॉक द्यावा लागला. बाई थकून गेलेल्या, तरी उभ्याउभ्या सगळं समजावलं. आमच्या लेकीच्या वयाची पोर.

१५ डिसें.
कंधार. घरी. धातूचा व्हॉल्व, छातीशी कान नेला की टकटक. सौ. म्हणते, "मोटार चालू हाय का वो?" "लई झकास!" आता रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. नाहीतर व्हॉल्ववर रक्ताची गाठ धरते. आवाज दबला तर तसंच लातूरला निघायचं. जपून खायच्या भाज्यांची यादी दिलीय: पालक, मेथी, कोबी.

२८ डिसें.
सौ. फिकट दिसते. ऑ.त रक्त गेलंय, भरून यायला पाहिजे. शेतातून हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून आणले. कांदा, मिरची, दाण्याचं कूट. घोळाणा! भाकरीसंगं मिटक्या मारत खाल्ला. यादीत हरभरा नाही, दोनदा बघितलं. रोज आणीन.

६ जाने.
रक्ततपासणी. रक्त किती पातळ त्याचा आकडा अडीचच्या वर पाहिजे, दीडसुद्धा नाही. रक्त दाटलंय. बाईंचा फोन, "काका, काय खाल्लं?" सांगितलं. "पालाच तो. हिरव्या पाल्यानं गोळीचा जोर उतरतो. आजच निघा."

७ जाने.
लातूर. भरती. हृदयाची सोनोग्राफी केली. गाठ अजून दिसत नाही. पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू. बाईंपुढं हात जोडले, चूक माझी. तर म्हणाल्या, "चूक आमच्या यादीची. हिवाळ्यात इथं घरोघर घोळाणा, आणि आम्ही लिहिलाच नाही." तिथंच पेन काढून लिहिलं. सिस्टरला म्हणाल्या, सगळ्यांच्या कागदावर घाला. छाती उघडून जीव वाचवणाऱ्या बाई, माझी चूक स्वतःवर घेतली. सौ. शेजारणीला सांगते, "चाकूनं वाचले, घोळाण्यानं मारत होते हे!" वॉर्ड हसला. मला काही हसू येईना.

१० जाने.
आकडा चढतोय, पण पुरेसा नाही. सकाळी पुन्हा रक्त नेलं, चारला कळेल. बाई म्हणाल्या, आवाजावर लक्ष ठेवा. कान लावला. टकटक. कालच्याएवढीच ना?
सौ. म्हणते, "ऐकलं ना? उचला आता डोकं, टाके दुखायलेत."
आणखी दोन ठोके ऐकले, मग उचललं.