मेण्यावरचं मेणकापड

प्रिय अप्पा,

आणि 'वितळलं' हा शब्द आता पुरे करा. वर्ष होत आलं. अम्माला फोन केला की मागून तुमचा आवाज येतो, पूस त्याला, आज काय वितळवलं. मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही ओट्यावर जाऊन बसलेले असता. फोन तुम्ही हातात घेत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. अक्षरं असलेला कागद तुम्ही पायाखाली येऊ देत नाही, चुलीतही घालत नाही, देवाच्या फळीवर नेऊन ठेवता. तिथे काय ठेवतोय ते कळायला आधी वाचावं लागेल. वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही ते मुद्दामच. तीर्थरूप लिहिलं की पुढे भांडायला तोंड उरत नाही.

हो, वितळलं. गेल्या कार्तिकात भजनमठाच्या मेण्यावर घालायला मी इथून, कुल्लूच्या वरून, मेण लावलेलं कापड पाठवलं. तुम्ही ते मोठ्या मानाने घातलंत, हे मी विसरलो नाही. दोन सरींच्या मधे ऊन पडलं आणि कापडाला घाम फुटला. झेंडूच्या माळा वर चिकटल्या, देवाच्या नव्या शेल्यावर पिवळे डाग पडले, आणि मठाचे कारभारी व्यंकटरमण मामा सगळ्यांदेखत म्हणाले की असल्या मेणात जनावराची चरबी घालतात. तुम्ही कापड उतरवलंत आणि विहिरीपलीकडे टाकून आलात. मामांनी बाजारातून निळं प्लास्टिक आणवलं. पुढचा सगळा रस्ता देव त्या निळ्या प्लास्टिकखाली फिरला. अम्मा म्हणाली, पाऊस त्याच्यावर असा तडतडत होता की तुमचं भजन पलीकडच्या दांडीपाशी ऐकू जाईना. तुम्ही मात्र घरी येऊन माझ्याच नावाने बोटं मोडलीत. प्लास्टिकला काही बोललात का?

चरबीचं आधी सांगतो. मी काम करतो त्या नेगीजींच्या कारखान्यात बुटांच्या मलमात चरबी असते, खोटं कशाला बोलू. ते भांडं वेगळं, त्याचा फडकाही वेगळा. कपड्याला, तंबूला, पाठीवरच्या पिशव्यांना आम्ही लावतो ते मधाच्या पोळ्याचं मेण, जवसाचं तेल आणि राळ. पाण्याच्या कढईत दुसरी कढई ठेवून विरघळवायचं, कढत असतानाच ब्रशाने जाड कापडावर ओढायचं, वरून इस्त्री फिरवायची. मग हाताने चोळत बसायचं. कापड मेण पितं, अप्पा. पिऊन झालं की वर पाणी ओता, अळूच्या पानावरून पळावं तसं पळतं. आणि प्लास्टिकसारखं आतून घामेजत नाही, कापडाला श्वास राहतो. तुम्ही सारखं म्हणता, कापड चोळायला का गेलास एवढ्या लांब. चोळायलाच गेलो. शाळेत बसवत नव्हतं, तुमच्या भांड्यांच्या दुकानात तराजूपाशी बसवणार नाही. मला बसणं येत नाही. इथे मला दिवसभर कोणी बस म्हणत नाही.

आता वितळलं का, ते. नेगीजींचं प्रमाण बर्फातलं आहे. इथे मेण कडक झालं तर कापडाला चिरा जातात, म्हणून ते तेल सढळ घालतात, राळ चिमटीने. मी तेच डोळे मिटून केलं. आपल्याकडे दुपारी मठाच्या पायरीवर अनवाणी उभं राहवत नाही, हे कुंभकोणम्‌मध्ये जन्मून मी विसरलो. माझी अक्कल कमी पडली. तेवढं म्हणा, ऐकून घेईन. मेणाला नावं ठेवू नका.

तुम्हाला आठवतं का, इन्नंबूरला भजनाला जाताना तुम्ही मला स्वामीमलैला मूर्तिकारांच्या शेडमध्ये सोडून जायचात? भजनात मी चुळबुळ करतो म्हणून. ते लोक आधी मेणाची मूर्ती करतात, मग तिच्यावर माती लिंपून धातू ओततात. चैत्रातल्या उन्हात ती मेणाची मूर्ती उघड्यावर असायची आणि देवीची करंगळीसुद्धा वाकत नसे. कुंगिलियम घालतात त्यात, म्हणजे आपली राळच, पण ओंजळीने. मी एकदा तो गोळा गूळ समजून चावला होता आणि तुम्ही परत येईपर्यंत माझे दात चिकटलेले होते. तेव्हा हसला होतात तुम्ही. ते चिकट दात मला इथे जानेवारीत आठवले, बर्फ पडत असताना, कढईपुढे. तेल कमी केलं, राळ वाढवली. पहिल्यांदा जास्त झाली, घडी घातली तर कापड तळलेल्या अप्पळासारखं कडकडलं. पुन्हा केलं. पुन्हा बिघडलं. नेगीजी पुसायला लागले की कुठल्या गिऱ्हाईकासाठी माझं मेण नासतोयस. म्हटलं, गिऱ्हाईक चालत नाही, त्याला खांद्यावरून नेतात. शेवटचा तुकडा मी इथल्या शेकोटीच्या लोखंडी धुराड्याला बांधून ठेवला, हात टेकवून ठेववत नाही असं ते धुराडं. सकाळी सोडला. कापड होतं तसं होतं.

मेण्याचं कापड केलं तेव्हा नवी कढई आणली, नवा ब्रश, नवा फडका. ते दिवस रोज नळाच्या पाण्याने आंघोळ करूनच कढईपाशी गेलो, आणि इथलं नळाचं पाणी काय असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. हे तुम्हाला पटावं म्हणून लिहीत नाहीये. माझं मला तसं करावंसं वाटलं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण ऐका. उन्हाळ्यात पुण्याची एक मुलगी दुकानात आली, डोंगर चढायला निघालेली. ती मराठी आहे कळल्यावर मी घाईने म्हटलं, काय हवं ते पुसा. तर ती खिशातून रुमाल काढून टेबल पुसायला लागली. त्यांच्यात विचारा म्हणतात. मग खूप हसली, म्हणाली तुमची भाषा एखाद्या जुन्या पेटीतून काढल्यासारखी आहे. जाताना तिने माझ्या कार्डावरचं इंग्रजी नाव वाचलं आणि म्हणाली, मेणकर, म्हणजे मेणाचं काम करणारे, मग बरोबर जागी आलात की. मी ताडकन सांगितलं, मेणकर नव्हे, मेणाकर. तंजावरच्या राजवाड्यात आमच्या घराला मेण्याचा मान होता. ती सहज म्हणाली, अच्छा, मेण्यात बसायचा कोण?

तेच मी तुम्हाला पुसतो. उत्तर आहे तुमच्याकडे? बसायचे राजे, आता बसतो देव. आपण बाजूने चालत आलो, उजव्या हाताची पुढची दांडी धरून. इंग्रजी अक्षरांत काना कळत नाही, आणि आपलं रेशनकार्ड, आधार सगळं इंग्रजीत. तो काना आपल्या नावात होता की कुणा आजोबाने मागून लावला, कोण सांगणार? मला एवढंच कळतं की राजवाड्याचे मेणे ऐप्पसी महिन्याच्या पावसातही निघत असणार. तेव्हा त्यांच्यावर निळं प्लास्टिक होतं का, अप्पा? कोणीतरी कापडाला मेण चोळत असेलच ना? त्याचे हात माझ्यासारखे पिवळे असतील, आणि त्याच्या बापाला त्याची लाज वाटत नसेल.

तरी हे सगळं मी कार्तिकानंतर लिहिलं असतं. आज लिहायला बसलो ते अम्माने काल सांगितलं म्हणून. तुम्ही मठात जाऊन मामांना म्हणालात की माझ्यामागे आमच्या घरचा हात दांडीला लागणार नाही, यंदापासूनच ती दांडी स्वामीनाथांच्या पोराला, अश्विनला द्या. मला न पुसता. मी काय मेलो? वितळलो? मी येतोय. तिकीट काढलं आहे. एकादशीला पहाटे मठाच्या दारात उभा असेन, आणि पुढची उजवी दांडी तुमच्यानंतर कोणी धरली तर ती मी धरेन, अश्विनला सांगून ठेवा. मेणा परत मठात टेकला की दुसऱ्या दिवशी मी माझ्या कढईकडे परत निघेन, तेही आत्ताच सांगतो, नंतर रडारड नको. कापड पुढे पाठवलं आहे, अम्माकडे पोचलं आहे, तिने तुमच्या भीतीने तांदळाच्या डब्यामागे लपवलं आहे. भर दुपारी गच्चीवर पसरा, तासाने हात लावून बघा, मग वर तांब्याभर पाणी ओता. एवढं करून नकोसं वाटलं तर घालू नका, मी त्या प्लास्टिकखालूनही चालेन. पण गेल्या वर्षीचं प्लास्टिक कोपऱ्यात फाटलेलं आहे, अम्माने मला सांगितलंय. देवावर फाटकं घालू नका. प्लास्टिकच घालायचं तर बाजारातून नवं, जाड बघून आणा. त्याचे पैसे अम्माच्या फोनवर टाकले आहेत, आठशे पन्नास रुपये.

तुमचाच, न वितळलेला,
विघ्नेश मेणकर