विसावा कुठे लिहायचा

मंगळवार, संध्याकाळ. वरवंड.

स्वतःचं हसू येतंय आणि लाजही वाटतेय. ओढ्याकाठच्या बागेचा माझा नकाशा आज ग्रामपंचायतीत टेबलावर पसरला. देशी झाडं, सुगरणींच्या खोप्यांसाठी राखलेल्या बाभळी, सगळं लोकांना आवडलं. मग कुणीतरी बाकांच्या कोपऱ्याला मी दिलेलं नाव मोठ्यानं वाचलं, 'विसावा', आणि बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

आबा हसले नाहीत. त्यांचं शेत ओढ्याला लागूनच आहे.

"म्याडम, आमच्याकडं विसावा म्हंजी मयत नेताना तिरडी खाली टेकवत्यात ती जागा. तितं आमी बसायचं व्हय?"

मी नकाशा त्यांच्याकडे वळवला. मग विचारलं, "ती जागा कुठंय?"

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. ओढ्याजवळचा सपाट दगड. त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'काढणे'.

त्या दगडावर बसून मी कितीदा डबा खाल्लाय! कुणी बोललं कसं नाही? की मीच कधी विचारलं नाही?

"आमच्या हिला तितंच टेकवली," आबा म्हणाले. "खांदा तितंच बदलला." एवढंच.

निघताना मी विचारलं, "मग बाकांच्या जागेला काय नाव देऊ?"

"लोकं बसाय लागली की पडंल आपसूक."

खोलीवर आल्या आल्या बाकांजवळचं नाव खोडलं. दगडापुढचं 'काढणे' खोडलं. तिथं पेन्सिलीनं सावकाश लिहिलं, विसावा.