सुरुवातीच्या पाचांत नसलेली

हॉर्नबी, क्राइस्टचर्च
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय सुजाताताई,

दादारावचा सप्रेम जयभीम.

भाऊजींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं संघमित्राकडून कळलं. बरं वाटलं. आम्ही दोघं ठीक आहोत. दमयंतीची हॉस्पिटलातली ड्यूटी अजून वर्षभर आहे, मी तिकडे आमच्या घराजवळ टाकानिनीच्या फार्मसीत आता आठवड्याचे तीनच दिवस जातो. इथे पोरीकडे उन्हाळा लागलाय, पण क्राइस्टचर्चचा वारा असा की अंगातला स्वेटर निघत नाही.

बारा वर्षांनी माझं अक्षर ओळखशील की नाही, माहीत नाही. पोरीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितोय. वही तिनेच माझ्यापुढे ठेवली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. त्याचं कारण पुढे लिहितो. आधी कालचं सांगतो.

काल संघमित्राची शेवटची बास्केटबॉल मॅच झाली. तिने तुला फोन केलाच असेल आणि म्हणाली असेल, "लॉस्ट बाय फाइव्ह, आत्या, ऑल गुड." तिचं सांगणं तेवढंच असतं. म्हणून माझ्या तोंडून ऐक.

ती अकरा मिनिटं खेळली. एक बास्केट केली, म्हणजे दोन गुण. समोरच्या संघात एक अमेरिकन मुलगी होती, सहा फुटांच्या वर, या मोसमात प्रत्येक मॅचला वीस-बावीस गुण करणारी. आपली पोर पाच फूट सात इंच, तेहतीस वर्षांची, डाव्या गुडघ्याला पट्टा. तिला मैदानात उतरवलं ते त्या मुलीला अडवायला. तिसऱ्या भागात ती मुलगी चेंडू घेऊन सुसाट आत आली आणि संघमित्रा तिच्या वाटेत पाय रोवून उभी राहिली. हलली नाही. दोघी धाडकन पडल्या. शिट्टी वाजली, फाउल त्या मुलीचा ठरला आणि चेंडू आपल्या संघाला मिळाला. बेंचवरच्या सगळ्या मुली उभ्या राहून ओरडत होत्या. दमयंतीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून दुखतंय.

शेवटची चाळीस सेकंदं उरली तेव्हा कोचने तिला बाहेर बोलावलं. सगळ्यांना टाळ्या वाजवता याव्यात म्हणून असं करतात, हे मला दमयंतीने सांगितलं. ताई, सगळा हॉल उभा राहिला. ती अमेरिकन मुलगी खेळ थांबवून आली आणि तिने पोरीला मिठी मारली. मागच्या रांगेतला एक म्हातारा माओरी माणूस बायकोला म्हणत होता, "हर एव्हरेज वॉज नथिंग. बट नोबडी लाइक्ड प्लेइंग अगेन्स्ट हर." मी वळून त्याला सांगितलं की ती माझी मुलगी आहे. त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

बारा वर्षं, आठ संघ, चार देश. एकदाही एका मोसमाच्या वरचं कॉन्ट्रॅक्ट नाही. सुरुवातीच्या पाचांत नाव क्वचितच. इथेच दक्षिणेला इन्व्हरकार्गिलला सकाळी शाळेत मदतनीस म्हणून काम आणि संध्याकाळी सराव. ऑस्ट्रेलियात मकाय गावी कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून आठ आठवड्यांसाठी बोलावलं. त्या मुलीचा पाय बरा झाला आणि हिने बॅग भरली. रोमानियातल्या एका क्लबने चौथ्या आठवड्यात सांगितलं की आम्हाला उंच मुलगी हवी. फिनलंडमध्ये मात्र एक मोसम संपल्यावर पुन्हा बोलावलं. तिथल्या दोघी अजूनही तिच्या वाढदिवसाला फोन करतात.

मी या सगळ्याचा हिशोब एकच लावायचो, हिला कुणी ठेवून घेत नाही. दमयंती म्हणायची, "जिला आठ जणांनी बोलावलं, तिला कुणी ठेवत नाही असं कसं म्हणतोस?" दमयंती रजा टाकून मॅचला जायची. मी जात नव्हतो. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर म्हणायचो, "स्पोर्ट्समध्ये काहीतरी करते." फार्मसीची डिग्री अर्धवट टाकून गेलेली मुलगी, आणि बाप फार्मसिस्ट. मला तोंड दाखवायची लाज वाटायची.

मग तीन वर्षांपूर्वी दुकानात एक बाई प्रिस्क्रिप्शन घेऊन आली. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून ती माझ्या कोटावरचं नाव वाचून थबकली. "मेश्राम? एनी रिलेशन टू मिट्स?"

मिट्स म्हणजे आपली संघमित्रा. इथे तिला सगळे तेच म्हणतात, हेही मला तेव्हाच कळलं. त्या बाईची सोळा वर्षांची मुलगी एका सराव सामन्यात हिच्याविरुद्ध खेळली होती. मॅच संपल्यावर हिने त्या मुलीला बाजूला घेतलं आणि पाऊण तास शिकवलं, उडी मारून खाली येताना गुडघा कसा सांभाळायचा. "माझ्या मुलीचं आधी एक ऑपरेशन झालं होतं," बाई म्हणाली. "तिला पुन्हा खेळायची भीती वाटायची. आता वाटत नाही."

मी म्हणालो, "शी इज माय डॉटर."

आमच्या काउंटरवर काम करणारी सलोनी चमकून बघायला लागली. चार वर्षं माझ्या शेजारी उभी राहणारी पोर. म्हणाली, "अंकल, तुम्हाला मुलगी आहे?"

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा मॅचला गेलो. पूर्ण वेळ गुणफलकाकडे बघत बसलो. हिच्या नावापुढे शून्य. दमयंती म्हणाली, "फळ्याकडे बघू नकोस. चेंडूकडेही नको. फक्त तिच्याकडे बघ." मग दिसलं. गुडघे वाकवलेले, पाठ ताठ, एक हात पुढे, एक बाजूला, आणि समोरचीच्या डोळ्यांकडे न बघता तिच्या कमरेकडे बघणं. ताई, हे उभं राहणं मी ओळखलं. तिच्या बाराव्या वर्षी आम्ही सुट्टीला नागपूरला आलो होतो, तेव्हा तू तुझ्या गच्चीवर साडीचा पदर खोचून तिला हे शिकवलंस. "डोळे फसवतात, कंबर फसवत नाही." पोरगी दिवसभर ते मराठीत घोकत होती. इंग्रजीत बोलणारी पोर, पण ते वाक्य अजूनही मराठीतच म्हणते. काल ज्यासाठी हॉल उभा राहिला, ते तुझं आहे.

आता ते लिहितो जे टाळत आलोय.

तिने डिग्री सोडली तेव्हा मी तुला फोन केला आणि म्हणालो, "तुझं जे राहून गेलं ते माझ्या पोरीच्या डोक्यात भरू नकोस." तू फोन ठेवलास. ते बोलणं वाईट होतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट आहे, ती तुला माहीत नाही.

काल मॅचनंतर जेवताना संघमित्रा सहज म्हणाली, "आत्याला आजोबांनी कॅम्पला जाऊ दिलं नाही ना? शी नेव्हर फरगेव्ह हिम." रात्री झोप लागली नाही. आज सकाळी नाश्त्याला मी तिला खरं सांगितलं. तेच तुला सांगतो.

१९८५. तुझी विद्यापीठाच्या संघातून पुण्याच्या बास्केटबॉल शिबिरासाठी निवड झाली होती. बाबा नागपुरात आपल्या इंदोऱ्याच्या घरासमोर सायकलची चेन बसवत होते. मी कॉलेजातून आलो. काळे झालेले हात तसेच धरून ते मला म्हणाले, "दादा, तू कॉलेजात जातोस, तुला बाहेरचं कळतं. सुजीला पाठवू म्हणतो मी. तुझं काय मत?"

ताई, बाबा तुला पाठवणार होते.

त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली मुलं मैदानाच्या भिंतीवर बसून तुझ्या हाफ पँटवरून काहीबाही बोलली होती. त्यांना मी काही म्हणालो नाही. बाबांना म्हणालो, "नको. लोक हसतील आपल्याला." बाबांनी थोडा वेळ चेन तशीच धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला सांगितलं, "माझा निर्णय आहे." माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही आणि नंतर कधीही नाही. शेवटच्या आजारपणात तू महिनाभर त्यांची सेवा केलीस, पण त्यांच्याशी मोजकंच बोलायचीस. मी त्याच खोलीत असायचो. तेव्हा बोललो असतो तर बाबांना तुझे चार शब्द मिळाले असते. मी बोललो नाही.

हे ऐकून संघमित्राने चमचा खाली ठेवला. बूट घातले आणि दुखऱ्या गुडघ्यासकट बाहेर चालायला गेली. तासाभराने आली, तिने ही वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डोन्ट कॉल हर. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस. लिही." शेवटचा शब्द मराठीत म्हणाली. त्यानंतर आपल्या खोलीत गेली ती अजून बाहेर आलेली नाही. तिचा राग मला मान्य आहे. खरं सांगू, तिच्या रागाचाही मला अभिमान वाटला. ती तुझ्या बाजूने उभी राहिली, एकोणीस वर्षांचा मी नाही राहिलो.

फेब्रुवारीपासून ती इथल्या एका शाळेत मुलींची कोच होणार आहे. त्याआधी जानेवारीच्या दहा तारखेला नागपूरला येतेय, तुझ्याकडे. दमयंतीही येईल. मी तिकीट काढलेलं नाही. तू ये म्हणालीस तरच काढीन. नाही म्हणालीस तरी ते तुझं उत्तर असेल, आणि यावेळी विचारलेलंही तुलाच असेल.

मला माफ कर असं लिहिणार नाही. बाबांना मात्र कर. त्यांनी तुला थांबवलं नव्हतं.

भाऊजींना जयभीम. डोळ्यांत औषध घालायला विसरू नका म्हणावं.

तुला न विचारता तुझ्या वतीने 'नको' म्हणणारा,
तुझा धाकटा भाऊ
दादाराव