खाटेवरून उतरू देऊ नका

इतवारा, बऱ्हाणपूर
१० डिसेंबर १९५६

चि. गजाननास शोभाताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

अलकाचा मुदतीचा ताप एकदाचा उतरला. पोट आवरलं, पेजेला कंटाळून ती केळं मागू लागली. वाटलं, सुटलो. पण काल डॉक्टरांनी नाडी धरली ती सोडीनातच. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, आतड्यातल्या तापाचं विष हृदयापर्यंत गेलंय, हृदयाला सूज आहे. महिनाभर खाटेवरून उतरू देऊ नका. एकदा जरी धावली तरी हृदय बंद पडेल.

गजू, मला आपली रजनी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिचाही ताप असाच उतरला होता. तुला तिच्यापाशी बसवून मी तापीवर धुणं घेऊन गेले, परत येते तर लेक झोपेतच गेलेली. आता रोज अलकाच्या खाटेभोवती तिची पावलं वाजल्यासारखी वाटतात.

तुझी पेपर मिल काय म्हणते? अंगाला लगद्याचा वास येतो म्हणे; मुलगी कोण देणार तुला! पत्र टाक, जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
ताई

नेपानगर
१४ डिसेंबर १९५६

ती. सौ. ताईस गजाननचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. आता खोटं बोलवत नाही. रजनी झोपेत गेली नाही. तिला अंगणात उन्हात यायचं होतं. मीच म्हटलं, बरी झालीस ना, मग पळत ये, बघू किती जोर आलाय. ती हसत पळत आली, माझ्या हातापाशी पोचली अन् खाली बसली. उठलीच नाही.

मी तिला उचलून खाटेवर ठेवलं, पायांची माती पुसली, पांघरूण घातलं. आत काय बिघडलंय ते मला कळत नव्हतं, ताई. पण माती पुसताना सगळं कळत होतं.

अलकाला जप. मी तोंड दाखवावं की नाही, ते तू कळव.

तुझा अपराधी,
गजानन

इतवारा, बऱ्हाणपूर
१७ जानेवारी १९५७

चि. गजाननास आशीर्वाद.

तीनदा कागद घेतला, तिन्ही वेळा चुलीत घातला. यांना सगळं सांगितलं. ते उठून शाळेत शिकवायला गेले. तू लपवलंस त्याचा राग आहे आणि राहील. पण पळत ये, असं मीसुद्धा म्हटलं असतं. ताप उतरलेल्या लेकराला कोण म्हणत नाही?

काल डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक आहे, दहा पावलं चालवा. मी दार धरून उभी राहिले. शेवटी अलकाच वैतागून म्हणाली, आई, सरक ना बाजूला, रस्ता अडवून उभी आहेस. अन् भिंत धरत अंगणात गेली. मी मोजत होते. तिनं अकरावं पाऊल टाकलं तशी मी किंचाळले. ती मला हसली.

रविवारच्या गाडीनं ये. मला एकटीला तिच्याकडे बघवत नाही.

वाट पाहते,
ताई