खालच्या चार ओळी

आदिलाबाद,
डिसेंबर १९९७

प्रिय दादा,

टाइप केलेलं पत्र बघून तुला वाटेल, वीज ऑफिसची नोटीसच आली. घाबरू नकोस, मीच आहे. बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी कामाला लागले, हे आईने तुला कळवलं असेलच. मात्र मी तिथे नेमकं काय करते, हे तिला अजून कोणाला धड सांगता येत नाही. शेजारणींना म्हणते, "रुख्मी दिवसभर टीव्हीसमोर बसते अन् त्याचा पगार मियते." यंदा मिरचीची रोपं छान आली आहेत, आईचा गुडघा बरा आहे, आणि तुझी सायकल मी वापरते. घंटी तेवढी बिघडवली आहे.

आमच्या सेंटरचं सगळ्यात हौशी गिऱ्हाईक म्हणजे बाबा. रोपवाटिकेची पत्रं ते आता माझ्याकडूनच करून घेतात. तामसीहून माझ्याच बसने येतात, मालकांच्या टेबलावर वांगी ठेवतात, मालक तेलुगूत "नमस्कारम चंपतरावगारू" म्हणत खुर्ची पुढे करतात. मग बाबा सांगतात आणि मी टाइप करते. पत्र जालन्याच्या बियाणेवाल्याला असो की किनवटच्या व्यापाऱ्याला, खाली त्याच चार ओळी: बाबांचं आणि तुझं नाव, रोपवाटिका, पत्ता, आणि मारोतरावांच्या किराणा दुकानातला फोन. सुरुवातीला मी त्या दरवेळी नव्याने लिहायची. एकदा तर पत्त्यात तामसीच विसरले. तेव्हा मालकांनी युक्ती दाखवली. ओळी एकदाच नीट लिहायच्या आणि छोटंसं नाव देऊन साठवून ठेवायच्या. पुढे कुठल्याही पत्रात ते नाव टाइप करून एक बटण दाबलं की चारही ओळी हजर. मी नाव दिलं, 'बाबा'. ते पाहून बाबा लहान मुलासारखे खूश झाले. "अजून एक डाव दाब," म्हणाले, आणि त्या कागदावर पत्ता तीनदा उमटला.

त्या ओळी मी आपल्या जुन्या छापील लेटरपॅडवरून उतरवल्या होत्या. लिहिताना माझा हात तुझ्या नावाशी थांबला. तू कारखान्यात जायचं ठरवलंस, त्या दिवशी अंगणात उभे राहून बाबा काय म्हणाले होते, ते मी विसरले नव्हते. "कागदावरून तुजं नावच काढून टाकतो." म्हणून मी विचारलं, दादाचं नाव काढू का? बाबा म्हणाले, "काढाचंच हाये. पण आज नोको. लाइट जाईन अन् अर्धवट राहीन." लाइट काही गेली नाही. पुढच्या खेपेला त्यांना बस चुकण्याची भीती वाटली. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, आज शनिवार आहे. मीही मग विचारायचं सोडून दिलं. आपल्या बाबांना सबबी शोधता येत नाहीत हे मला पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांच्यावर फार माया आली.

दिवाळीत तू फोन केलास. रुख्मीला बोलवा, असं म्हणाला असशील. पण मारोतरावांच्या भागाबाईंची रीत तुला ठाऊक आहे. आपल्या घरच्या कोणासाठीही फोन येवो, त्या ओट्यावर येऊन "चंपतराव, फोन!" अशीच आरोळी ठोकतात. बाबा मातीच्या हातांनी धावत गेले आणि त्यांच्या मागे मी. दुकानात तेल घ्यायला आलेल्या बाया उभ्या होत्या. बाबांनी "हॅलो" म्हटलं, पुन्हा म्हटलं. फोन ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लाइन कटली." पण "दौलत बोलून राह्यला," म्हणजे फोनवर तूच आहेस, हे भागाबाईंनी आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. दादा, मला तुझा राग आला. रात्री जेवताना बाबांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

आता बातमी सांगते. आपल्या घरी फोन आला! अर्ज देऊन इतकी वर्षं झाली होती की आई म्हणायची, आधी रुख्मीचं कन्यादान होईल, मग फोन येईल. बुधवारी बाबा नवा नंबर तोंडपाठ करून सेंटरमध्ये आले. साठवलेल्या ओळी आता बदलायलाच हव्या होत्या आणि बाबांजवळ सबब उरली नव्हती. लाइट होती, बसला वेळ होता, शनिवारही नव्हता. मी त्यांना समजावून सांगितलं की साठवलेलं बदललं तरी आधी गेलेली पत्रं बदलत नाहीत, त्यांत दादाचं नाव राहीलच. इथून पुढचं तेवढं ठरवा. फोनची ओळ मी बदलली. मग बाबांनी वाकून पहिली ओळ वाचली. चष्मा पुसला. म्हणाले, "नाव त्याचं हाये. ठिवू का काढू, ते त्यालेच इचार. पण त्याले म्हनाव, रुख्मीले नोको सांगू. मले सांग."

म्हणून हे पत्र, दादा. फोन ओसरीत बाबांच्या खाटेशी ठेवला आहे, आणि वाजला तर आम्ही कोणी उचलायचा नाही असा हुकूम आहे. आता तेल घ्यायला आलेलं कोणी ऐकणार नाही. कारखाना सोडून ये, असं ते म्हणणार नाहीत, तेवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. तुला जे सांगायचं ते सांग. नाव काढा म्हण, वाटल्यास. पण या वेळी त्यांचं "हॅलो" ऐकून फोन ठेवू नकोस. तोवर मी पहिल्या ओळीला हात लावणार नाही. आता 'बाबा' टाइप करते आणि बटण दाबते.

तुझीच,
रुख्मी

चंपतराव शेंडे व दौलत शेंडे
भाजीपाला रोपवाटिका
मु. पो. तामसी, जि. आदिलाबाद
फोन: २४३ (घरचा)