पडद्यावर नसलेली सोनकी

दारव्हा,
ता. ११ फेब्रुवारी १९५९

उस्ताद रामलालजी यांस,

युनूसचा सलाम आणि राम राम. मानीबाईंना नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, तुम्हा बहीणभावाची खुशाली कळवावी. हे पत्र केळापूरच्या शाळेतले गुरुजी तुम्हाला वाचून दाखवतील, तेव्हा गुरुजींनाही नमस्कार. मध्येमध्ये मी जास्तीचं लिहीन ते त्यांना संदर्भ लागावा म्हणून. तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे.

रहेमानभाईंचा गुडघा थंडीत धरला होता. आता ते पुन्हा आपल्या सिनेमाच्या तंबूभर फिरतात, म्हणजे माझ्या डोक्यावर. मोठा भाऊ आणि मालक एकच असला की असं होतं. कमरुन्निसा तुमची आठवण काढते. तुम्ही गेल्यापासून तिच्या खिचड्याला कोणी मनापासून 'वा' म्हटलं नाही, असं तिचं गाऱ्हाणं आहे. मी म्हणतो, पण नवऱ्याचं 'वा' धरत नाहीत. कापूस बहुतेकांचा विकून झालाय, त्यामुळे बाजाराच्या दिवशी आमच्या तंबूत पाय ठेवायला जागा नसते.

तर गेल्या आठवड्यात शमशेरचा चौथा पिच्चर आला, 'शमशेर फिर आया'. चांगला चाललाय. हे आधीच लिहून टाकतो, कारण तुम्ही जाताना म्हणाला होता, 'बनवणारा गेला का खेळ गेला.' ते तुम्ही स्वतःबद्दल म्हणालात, पण आता तेच पिच्चरचंही झालं. अमरावतीच्या एजंटानं सांगितलं की शमशेर लोहाराचे पहिले तीन भाग ज्यानं बनवले त्याचं कंपनीशी बिनसलं आणि तो निघून गेला. हा चौथा त्याच्या हाताखालच्या माणसानं केलाय. मी रिळांची पेटी उघडली तीच नाक मुरडत.

नाक मुरडायला जागा आहेच. पहिला माणूस शमशेरला कधी सरळ घोड्यावर बसवायचा नाही. आधी तो ऐरणीवर कोणा गरिबाचं फावडं नीट करून द्यायचा, मग लढाईला निघायचा. या नव्यानं ऐरण दाखवलीच नाही. पण मध्यावर एक जागा आहे, उस्ताद. शमशेर आता उतारवयाचा दाखवलाय. हातोडा उचलताना त्याचा हात थरथरतो आणि तो ते गावापासून लपवतो, फडक्यानं घाम पुसतोय असं दाखवून. पहिल्यानं हे केलं नसतं. त्याचा शमशेर थकलाच नसता. मी ती जागा मशीनच्या खिडकीतून अकरा वेळा पाहिली आहे आणि दरवेळी मुरडलेलं नाक सरळ झालंय.

गुरुजींसाठी लिहितो. आमच्या जुन्या मशीनचा आवाज इतका बारीक, की इंजिनाच्या धडधडीत पडद्यावरचा माणूस नुसते ओठ हलवायचा. म्हणून उस्ताद पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहायचे आणि गोष्ट सांगायचे. तांड्यावरच्या बंजाऱ्यांना त्यांच्या गोरबोलीत, बाकीच्यांना वऱ्हाडीत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून सुरुवातीला बनवणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं की मी खिडकीतून ते ओरडायचो. मग उस्ताद काठी कपाळाला लावून तेच नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्यायचे. त्यानंतरच गोष्ट सुरू.

पहिल्या शमशेरचं तिसरं रीळ फाटकं आलं. आत्ता तुरुंगात असलेला माणूस एकदम घोड्यावर दिसला. दुसऱ्या कोणाची बोबडी वळली असती. उस्तादांनी डोळ्याचं पातं न लवता सांगितलं, "त्याची बहीण सोनकी, तिनं भाकरीत लपवून कानस देली." पडद्यावर बहीण नव्हतीच. पण दुसऱ्या भागाला लोक सोनकीला विचारायला लागले, तर हे म्हणायचे, "आता पान्याले गेली," नाहीतर, "दाराआड उभी हाय, थांबा." दोन पिच्चर लोकांनी न दिसलेल्या बाईची वाट पाहिली आणि एकाचीही तक्रार आली नाही. अशी जीभ मी पुन्हा पाहिली नाही.

मग तिसऱ्या भागाला मोठा भोंगा आला. शमशेर पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलला, "मैं दुनिया में अकेला हूँ," आणि तंबूतून कोणीतरी ओरडलं, "मंग सोनकी कोठी हाय, रामलाल?" सगळे हसले. तुम्ही काठी काखेत मारली आणि निघून गेलात. त्याला आता दोन वर्षं होतील.

भोंग्याची कल्पना रहेमानभाईंची, असं तुम्ही धरून चालला असाल. ती माझी होती. अमरावतीला जाऊन मीच तो पाहून आलो आणि मीच भावाला म्हणालो, आता सांगणाऱ्याची गरज उरणार नाही. एवढं एक वाक्य लिहायला माझा हात दोन वर्षं धजला नाही. माझं चुकलं.

चौथ्या भागाला भोंगा असूनही लोक म्हणाले, सांगणारा पाहिजे. तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल त्यापेक्षा मीच सांगतो, पहिल्या दिवशी तुमच्या जागी मी उभा राहिलो. दहा वर्षं तुमचं ऐकलं, तर एवढं येईलच असा माझा समज होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी बोललो की भोंगाही बोलायचा, आणि दोघांचंही कोणाला कळत नव्हतं. लोक शेंगा सोलत बसले.

तेव्हा बायकांच्या कनातीकडून एक बाई उठून पुढं आली. माझ्या हातातली काठी काढून घेत म्हणाली, "युनूसकाका, तुमी मशीनीपाशी जा. मी हात वर केला का भोंगा बारीक करा, खाली घेतला का मोठा." माझी काय बिशाद, गेलो. ती भोंग्याशी भांडली नाही. शमशेर बोलतो तिथं ती गप्प राहिली, आणि घोडे नुसते धावतात तिथं बोलली. थरथरत्या हाताच्या जागी तर एक अक्षर बोलली नाही, फक्त काठी जमिनीवर टेकवली. शेवटी शमशेर टेकडीवर थांबून मागं वळून पाहतो. ती म्हणाली, "तो सोनकीले पाहून राह्यला. सोनकी नाही गेली त्याच्यासंग. त्याची गोष्ट सांगाले कोनी तं मागं राह्यलं पाह्यजे."

मग आपली बिजलीबाई, दर खेळाला पुढं बसणारी म्हातारी, कनातीमागून म्हणाली, "जित्ती हाय ना मंग? मले वाटे मेली." आणि रडायला लागली.

आता ती बाई कोण ते लिहायलाच हवं, कागदही संपत आला. तुमची हंसा.

दुसऱ्या दिवशी ती सुरुवातीपासून उभी राहिली. देवीलाल पोराला कडेवर घेऊन बाजूला उभा होता, जावई तुम्हाला लाखात एक मिळालाय. मी खिडकीतून नव्या माणसाचं नाव वाचलं. तिनं ते घेतलं नाही. आधी जुन्याचं घेतलं, मग तुमचं, आणि काठी कपाळाला लावली.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या सासऱ्यानं, डोंगरसिंगनं अडवलं. बाईमाणूस म्हणून नाही. तो म्हणतो, "बाप जित्ता असताना बापाच्या जागी उभं राह्यनं आमच्यात नाही. रामलालची चिठ्ठी आना, मंग मीच तिले घेऊन येतो." मी तसाच माघारी फिरलो, कारण तुमची जागा आधी मीच खाली केली होती. हंसा तुम्हाला स्वतः लिहिणार नाही. तुम्ही दुखावाल या भीतीनं तिनं तीन दिवसांत घास धड गिळलेला नाही, असं देवीलाल सांगतो.

महिनाअखेरीस तंबू बाभुळगावला पडेल. तिथं सांगणारा नसेल तर नसेल, पिच्चर भोंग्यावर चालेल. पण मी तिला ऐकलंय, उस्ताद. आता मला नुसता भोंगा ऐकवत नाही. एक ओळ पाठवा. नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा.

तुमच्या जागेचा गुन्हेगार,
युनूस


केळापूर,
ता. १९ फेब्रुवारी १९५९

युनूस बेटा,

राम राम. गुरुजीले सांगतलं का मी बोलतो तसंच लिहा, सुधरू नका. तुही चिठ्ठी तीनदा वाचून घेतली. मानीबाई बरी हाय. कमरुन्निसाले माहा एक 'वा' सांगजो.

भोंग्याचं मले तवाच समजलं होतं. तू अमरावतीहून आला तं चार दिवस माह्या डोयात पाहे नाही. त्याच्यासाठी नाही गेलो मी. लोक हसले म्हूनही नाही. दहा वर्स मी त्याइले हसवलं, एक दिवस माह्यावर हसले तं काय बिघडलं.

मी गेलो ते शमशेर बोलला म्हून. काय आवाज होता त्याचा. दोन पिच्चर मी त्याच्या बाजूले उभा राह्यलो, आन त्याले काय म्हनाचं हाय ते मले ठाऊकच नव्हतं. ज्यानं बनवला त्याच्या नावाले काठी कपाळाले लावो, आन त्याच्याच मानसाच्या तोंडावर हात ठेवून मीच बोलत राहो. मले लाज वाटली, बेटा.

आता तू लिहितं का शमशेर बोलते तवा हंसा गप राह्यते. हे मले कधी जमलं नसतं. मी थरथरत्या हातावरही दोन गोष्टी सांगतल्या असत्या.

इवाई डोंगरसिंगले माहा राम राम. त्याचं बरोबर हाय. पन मी सोनकी आनली तवा कोनाची चिठ्ठी आनली होती? बनवनारा जित्ता होता, मी त्याले इचारलं नाही. घोडा त्याचा, सोनकी माही, आन खेळ चालला. आता त्याच्या बिगर त्याचा मानूस चालवते, माह्या बिगर माही पोरगी चालवते. 'बनवनारा गेला का खेळ गेला' हे मी रागात बोललो होतो. ते खोटं निंगालं, आन मले बरं वाटून राह्यलं. तरी डोंगरसिंगले कागद पाह्यजे तं हा कागद. हंसा सांगन. बापाची हो हाय.

एक गोष्ट मात्र तिनं वाईट केली. नवीन मानसाचं नाव खाल्लं. थरथरता हात त्यानं दाखवला ना? मंग त्याचं नाव घ्या लागते. पडद्यावर जे नाव येईन ते घे म्हना. माहं नको घेऊ म्हना, मी पडद्यावर नाही.

काठी हे चिठ्ठी आननाऱ्यासंग देली हाय. बाभुळगावले मी येतो. तिकीट काढून मागं बसीन, हंसाले सांगू नको. दोन पिच्चर मी सोनकीले दाराआड उभी केली. एकदा पाह्यची हाय, कशी दिसते ते.

हंसाचा बाप,
रामलाल
(डाव्या हाताचा अंगठा)